दिसतं ते सांग

शनिवारी दुपारी मी कुठेही जात नाही. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची मीटिंग असो. सख्ख्या मेहुण्याच्या साखरपुड्याला गेलो नाही म्हणून आमच्या मारतहळ्ळीच्या घरात जे रामायण झालं, त्याचं उत्तरकांड अजून चालू आहे. बायको म्हणते, "त्या बाई गेल्या, तरी तुझा शनिवार काही मोकळा होत नाही." खरं आहे. नाही होत.

"त्या बाई" म्हणजे डॉ. अंबुजा मोहिते. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर. बेंगळुरूतल्या आमच्या धंद्यातली लहानथोर सगळी माणसं त्यांना अक्का म्हणायची. मग ती कन्नड असोत, तमिळ असोत, नाहीतर माझ्यासारखी सांगलीहून पोटामागे आलेली. मी तसा कुणापुढे पटकन वाकणारा माणूस नाही. मोठे म्हणवणारे डॉक्टर जवळून पाहिले की त्यांचा मोठेपणा बहुतेक वेळा त्यांच्या केबिनएवढाच निघतो, असा माझा अनुभव. अक्कांपुढे मात्र मी सपशेल हरलो. जितकं जवळून पाहिलं तितका थक्क होत गेलो.

दिसायला त्या काही विशेष नव्हत्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली चक्क कॅनव्हासचे बूट. त्यांचं घराणं मराठी फौजेबरोबर सतराव्या शतकात इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. त्यामुळे त्यांचं मराठी इथल्या पाण्यात चांगलं मुरलेलं होतं. "काय बघायलास? स्वल्प सरक की तिकडे," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि मला हसू फुटलं.

"हसायलास? तुमच्या पुण्याच्या मराठीत तर निम्मं इंग्रजी. त्यापेक्षा माझं कन्नड बरं."

"अक्का, मी पुण्याचा नाही. सांगलीचा."

"तेच ते," त्या म्हणाल्या. पण तेव्हापासून मी त्यांच्यासाठी कायमचा सांगलीकर झालो. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

शहरातल्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळाच्या प्रयोगशाळेत त्यांची शनिवारची बैठक भरायची. मधोमध मोठा मायक्रोस्कोप. पाच-सहा जणांना एकाच वेळी डोळे लावता येतील असं ते धूड. शहरातल्या वेगवेगळ्या इस्पितळांतले डॉक्टर आपापल्या अडलेल्या स्लाइड घेऊन यायचे. एरवी या इस्पितळांचं एकमेकांशी विळ्याभोपळ्याचं नातं. एकाचा पेशंट दुसऱ्याकडे गेला की तोंडं वाकडी. पण शनिवारी त्या खोलीत सगळे एका टेबलाला डोळे लावून बसायचे, आणि टेबलावर एका स्टीलच्या वाटीत काँग्रेस कडलेकाई, म्हणजे इथले ते तिखटमीठ लावलेले सोललेले शेंगदाणे.

बैठकीचे कायदे दोनच. पहिला, सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं आणि अक्का सगळ्यात शेवटी. दुसरा, आजाराचं नाव घ्यायचं नाही. जे दिसतं ते सांगायचं. रंग, आकार, कुणाशेजारी कोण आहे, काय असायला हवं होतं आणि नाही. वर्णन पुरं व्हायच्या आत ज्याच्या तोंडून नाव सुटेल त्याने पुढच्या शनिवारचे शेंगदाणे आणायचे. वर्षभर तरी ते शेंगदाणे मीच आणत होतो.

पहिल्या शनिवारी मी एक स्लाइड नेली होती. मुंबईत मोठ्या ठिकाणी शिकून आलेलो, अंगात रग. डोळा लावला आणि दोन क्षणांत आजाराचं नाव ठोकून दिलं. अक्कांनी शांतपणे विचारलं, "बाजारात वांगी घ्यायला गेलास तर वांगं हातात घेऊन फिरवून बघतोस, की पाटी वाचून पिशवीत टाकतोस?"

"बघून घेतो."

"मग हे माणसाचं रक्त आहे. वांग्याएवढं तरी बघ."

मला असा राग आला म्हणता! घरी जाताना सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मी स्टिअरिंगवर हात आपटून त्यांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या. पुढच्या शनिवारी शेंगदाण्यांची पुडी घेऊन वेळेच्या आधी हजर होतो. नाव मी बरोबरच सांगितलं होतं, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. "नाव बरोबर होतं रे. बघणं चूक होतं. एक दिवस नाव चुकेल, तेव्हा बघणंच वाचवेल."

शिकवायची त्यांची रीत म्हणजे पोरांना छळायची रीत. शनिवारी बैठकीआधी त्या नव्या रेसिडेंट डॉक्टरांना कोपऱ्यावरच्या दर्शिनीत न्यायच्या. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं इथलं उडुपी हॉटेल. इडली समोर आली की खायची नाही. आधी वर्णन करायचं. "पांढरी, गोल, मऊ," एकजण म्हणाला. अक्का म्हणाल्या, "साबणही असाच असतो. पुढे सांग." मग तो बिचारा इडलीवरची छिद्रं, कडेला वळलेला ओठ, वाफेने ओलसर झालेली खालची बाजू, असं शोधून शोधून सांगायला लागला. इडली थंडगार झाली. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे असा पाहायचा की जणू आम्ही अन्नभेसळ खात्यातले आहोत! पण ती पोरं पुढे मायक्रोस्कोपापुढे बसली की त्यांच्या तोंडून असे तपशील निघायचे की मला वीस वर्षांच्या अनुभवाची लाज वाटावी.

माझ्या इस्पितळाच्या मॅनेजमेंटला एकदा साक्षात्कार झाला. आमच्या स्लाइड बाहेर न्यायच्या म्हणजे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं. बंदी घाला. मी तावातावाने अक्कांना सांगितलं. वाटलं, त्या चार नामवंतांच्या सह्यांचं निवेदन वगैरे करतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी त्या बसने आमच्याकडे आल्या, बरोबर चित्रान्नाचा, म्हणजे इथल्या लिंबूभाताचा डबा, आणि थेट मॅनेजरच्या समोर जाऊन बसल्या.

"तुमच्याकडचा सगळ्यात हुशार डॉक्टर कोण?" त्यांनी विचारलं. त्याने अर्थातच विभागप्रमुखांचं नाव घेतलं.

"सरी, बरं. तो चुकला तर त्याला सांगणार कोण?"

"आमचं क्वालिटी डिपार्टमेंट आहे, मॅडम."

"हौदा, असं होय? ते मायक्रोस्कोपात बघतात काय?"

मॅनेजर हसला. हसला तिथेच फसला. पेशंटची परवानगी घ्यायची, नाव-गाव झाकायचं, आणि स्लाइड नेणाऱ्याने ती सोमवारी परत आणायची, एवढ्या अटींवर बंदी उठली. जाताना अक्कांनी त्याला अर्धं चित्रान्न खायला लावलं. "तुमच्या कँटीनचा वास आला मला येताना. तुम्ही हे खा."

या बाईंचे डोळे गेले.

एका शनिवारी त्या आल्या आणि खुर्ची टेबलाशी न ओढता खिडकीपाशी नेली. मग जणू पावसापाण्याचं बोलावं तशा म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. सांगलीकर, तुझे कान दिसायलेत, नाक दिसत नाही. काही नुकसान नाही. डॉक्टर म्हणाले, आता हे परत येत नाही. आज सकाळी इस्पितळाला लिहून दिलं, रिपोर्टवर माझी सही यापुढे नाही."

भव्या नावाची पहिल्या वर्षाची रेसिडेंट होती, होसकोटेची, तोंडातून शब्द न काढणारी. ती मुसमुसायला लागली.

"अय्यो, मी मेले काय?" अक्का म्हणाल्या. "इथे डझनभर डोळे आहेत की. बघा आणि मला सांगा. पुट्टी, पोरी, नाक पूस. तू सगळ्यात लहान, तू सुरू कर."

आम्ही मनात म्हटलं, चला, म्हातारीचा मान ठेवू. चार-सहा महिने येईल, मग आपसूक बंद होईल. आमचा हा अंदाज असा काही तोंडावर आपटला की बस्स. डोळे होते तोवर अक्का आमच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यायच्या, कारण त्यांना स्वतःला दिसायचं. आता त्या एक अक्षर सोडेनात. "गुलाबी" म्हटलं की विचारायच्या, "कुठला गुलाबी? कनकांबराकडे, तुमच्या त्या अबोलीकडे झुकलेला, की डाळिंबाकडे?" "मोठी पेशी" म्हटलं की, "शेजारच्या लहान पेशीच्या, लिंफोसाइटच्या, किती पट?" दोन तास डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून त्या ऐकत बसायच्या. आणि मग एखादा असा प्रश्न टाकायच्या की आम्ही सगळे पुन्हा मायक्रोस्कोपावर तुटून पडायचो, आणि तिथे ते असायचं. आमच्या नाकासमोर! आम्हाला न दिसलेलं. देवाशप्पथ सांगतो, एकदोनदा माझ्या अंगावर काटा आला.

अशात माझ्याकडे निखिल आला. मूळचा नाशिकचा, चाळिशीतला, आउटर रिंग रोडवरच्या टेक पार्कमध्ये नोकरी, सर्जापूर रोडला घर. लाल पेशी कमी, पांढऱ्या त्याहून कमी. दर थोड्या दिवसांनी रक्त चढवावं लागे. हाडातला मगज, ज्यात रक्त तयार होतं, तो तपासला. आम्ही त्याला मॅरो म्हणतो. मॅरो बिघडलेली होती. पेशी वेड्यावाकड्या, लोखंडाचे कण काही पेशींच्या गळ्यात माळ घातल्यासारखे जमलेले. आमच्या लॅबचा रिपोर्ट आला, दुसऱ्या मोठ्या लॅबचा आला. दोघांनी एकच आजार सांगितला. हा आजार पुढे ब्लड कॅन्सरकडे जाऊ शकतो. इतक्या तरुण माणसाला त्यावर खरा इलाज एकच, त्याची मॅरो औषधांनी पूर्ण मारायची आणि दुसऱ्याची घालायची. त्यात माणूस वाचतो. त्यात माणूस दगावतोही. हे मी निखिलला आणि त्याची बायको सायली हिला समोर बसवून, काही न लपवता सांगितलं होतं. त्याच्या बहिणीची मॅरो जुळली. ती नोकरीतून रजा टाकून नाशिकहून आली. पुढच्या बुधवारी निखिलला भरती करून औषधं सुरू करायची, असं ठरलं. एकदा ती सुरू झाली की मागे फिरता येत नाही.

त्याआधीच्या शनिवारी मी निखिलची परवानगी घेऊन त्याची स्लाइड बैठकीला नेली. शंका होती म्हणून नव्हे, खरं सांगायचं तर पोरांना दाखवायला चांगला नमुना म्हणून. भव्याने डोळे लावले. ती कन्नडमध्ये बोलत होती, मी मराठीत सांगतो.

"लाल पेशींची पिल्लं खूप आहेत. न्यूक्लियस वाकडे, काहींत दोन-दोन. पांढऱ्यांची पिल्लं आहेत, पण पुढे वाढलेल्या पेशी कमी. पिल्लांच्या निळ्या भागात..." ती थांबली. "नाही, ते काही नाही."

"काय काही नाही?" खिडकीकडून प्रश्न आला.

"बुडबुड्यांसारखी भोकं आहेत, अक्का. स्लाइड रंगवताना झाली असतील."

"ते आपण मागनं ठरवू. भोकं कुणाकुणात? नुसत्या लाल घराण्यात की पांढऱ्यातही?"

भव्याने पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "दोन्हींत."

"म्हाताऱ्या पेशींत की पिल्लांत?"

"पिल्लांतच. म्हाताऱ्या पेशींत नाहीत."

"मग रंगवणाऱ्याने पिल्लं वेचून भोकं पाडली काय?" अक्का म्हणाल्या, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. मग अगदी हलक्या आवाजात, "सांगलीकर, तू बघितलीस ही भोकं?"

"बघितली होती."

"आणि?"

मी बघितली होती, दोन्ही लॅबनी बघितली असणार. कुणाच्याही रिपोर्टात ती नव्हती. सगळ्यांना आजाराचं नाव आधीच मिळालं होतं, त्यामुळे भोकांचं कुणालाच काही पडलं नव्हतं.

"हा माणूस चालतो कसा?" अक्कांनी विचारलं.

हा कुठला प्रश्न! रक्ताच्या डॉक्टरने चालीचं काय करायचं? पण मी तिथूनच निखिलला फोन लावला. माझे सहकारी ऐकताहेत, चालेल ना, असं विचारून स्पीकर चालू केला.

"चालायला तसा ओके आहे, सर," निखिल म्हणाला. "फक्त तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. बेसिन घट्ट धरून धुतो. आणि पाय जरा बधिर वाटतात. ते ब्लडशी रिलेटेड नाही ना, म्हणून तुम्हाला सांगितलं नाही."

अक्का खुर्चीतून उठल्या आणि फोनच्या जवळ आल्या. "बाळा, मी एक म्हातारी डॉक्टर बोलायले. तू औषधं काय घेतोस?"

"काहीच नाही, मॅम. नो मेडिसिन्स."

"औषध नको सांगू. पोटात काय काय जातं ते सांग. चहापासून सुरू कर."

निखिलने चहा सांगितला, पोहे सांगितले, दुपारचा डबा सांगितला. आणि मग, "हां, झिंकच्या गोळ्या घेतो. पण त्या सप्लिमेंट आहेत."

"कधीपासून?"

"करोनात बाबा गेले, मॅम. शेवटचं बघताही आलं नाही. तेव्हापासून घेतो. सकाळ-संध्याकाळ, लिहिलंय त्यापेक्षा जास्तच. बंद करायला भीती वाटते. वाटतं, आपण बंद करू आणि मग घरात कुणाला तरी काहीतरी होईल."

झिंक म्हणजे जस्त. जस्त वर्षानुवर्षं जास्त पोटात गेलं तर ते आतड्यातच तांब्याची वाट अडवतं. शरीराला तांबं लागतं चिमूटभरच, पण तेवढंही मिळालं नाही तर मॅरो बिघडते, थेट त्या भयंकर आजारासारखी दिसायला लागते, आणि मज्जातंतूही सुकतात. पुस्तकात हे आम्ही सगळ्यांनी वाचलेलं. बापाच्या मरणाला भिऊन हा माणूस जी गोळी घेत होता, तीच त्याचं रक्त आटवत होती. आणि मी बुधवारी त्याची मॅरो मारायला निघालो होतो.

"आज ती गोळी घेऊ नको," अक्का फोनवर म्हणाल्या. "फेकू पण नको. सांगलीकराला डबी दाखव." फोन बंद झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी नाव सांगणार नाही. रक्तातलं तांबं मोजून घे. आणि बुधवार थांबव."

थांबव म्हणणं सोपं. तपासणीचा रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता. मी निखिल-सायलीला बोलावून सगळं समजावलं. अक्कांना दिसत नाही, हेही सांगितलं. लपवणं मला बरं वाटेना. सायली ताडकन उभी राहिली.

"म्हणजे दोन लॅबनी मायक्रोस्कोपमधून बघितलं ते चूक, आणि ज्या आंधळ्या बाईंनी बघितलंच नाही त्यांचं बरोबर? सर, तुम्ही माझ्या नवऱ्याचा जीव कुणाच्या भरवशावर थांबवताय?"

ती ओरडत होती आणि रडत होती. तिची काय चूक? मी तिच्या जागी असतो तर टेबल उलथलं असतं. संध्याकाळी मी अक्कांना फोन करून तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, जरा कुरकुरतच.

"बरोबर विचारते ती," अक्का म्हणाल्या. "तिला म्हण, मी खोटी ठरायची असेन तर आठवड्यात कागद येतोच आहे. मग खुशाल बोल म्हणावं. पण मॅरो एकदा मारली की परत जिवंत करायची मला येत नाही, तुलाही येत नाही."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. निखिलचं रक्त आणखी उतरलं. एकदा चढवावं लागलं. बहिणीची रजा संपत आली. आमच्या विभागातले लोक मला पाहून गप्प व्हायचे. आणि मग रिपोर्ट आला. निखिलच्या रक्तात तांबं जवळजवळ नव्हतंच.

मी पार्किंगमध्ये जाऊन अक्कांना फोन लावला. रिपोर्टातला आकडा वाचून दाखवला. त्या समजल्या. "सरी," एवढंच म्हणाल्या. मग, "भव्याला सांगितलंस काय? आधी तिला सांग. भोकं तिची आहेत. आणि ऐक, त्या पोराला तांब्याच्या भांड्यातलं पाणी पी वगैरे सांगू नकोस. नीट औषध दे." फोन ठेवून मी गाडीत बसलो आणि पोरासारखा रडलो. पन्नाशीच्या माणसाने लाज बाळगावी, पण नाही बाळगली.

झिंक बंद झालं, तांबं सुरू झालं. काही आठवड्यांत निखिलचं रक्त असं चढायला लागलं की आमच्या लॅबवाल्याने दुसऱ्याच कुणाचा नमुना आला की काय म्हणून फोन केला. पुन्हा रक्त चढवायची वेळ आली नाही. बहीण तिची मॅरो जशीच्या तशी घेऊन नाशिकला परतली. पाय मात्र हट्टी. मज्जातंतूंना घाई चालत नाही.

ही हकिकत आम्ही शोधनिबंध म्हणून लिहिली, बाकीच्या डॉक्टरांनी असं फसू नये म्हणून. पहिलं नाव कुणाचं यावर आमच्या धंद्यात भाऊबंदकी होते. अक्कांनी हुकूम सोडला, भव्याचं. मग माझं. अक्कांचं कुठे घालायचं, मी विचारलं. "माझं कशाला? मी बघितलंच नाही. न बघता सही करत नाही मी." मी भांडलो, भव्या भांडली. बाई ढिम्म हलल्या नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका शनिवारी, निखिल बैठकीला आला. त्याला अक्कांना भेटायचं होतं. खोलीत शिरला तो पायांकडे बघत, एक एक पाऊल जपून टाकत. अक्कांच्या पाया पडायला वाकला आणि जो कलंडला, तो भव्याने दंड धरला म्हणून वाचला.

"पडशील रे!" अक्का हसल्या. "रक्त दिलं तुला परत, आता डोकं फोडून सांडू नको."

"मॅम, तुम्हाला थँक यू कसं म्हणू, मला कळत नाही."

"मग नको म्हणू. शेंगदाणे खा."

बैठक संपली तेव्हा बाहेर ढग भरून आले होते आणि करंट गेला होता. त्या जुन्या इमारतीचा दगडी जिना वळणावळणाचा, खिडकी एक नाही. भर दुपारी तिथे काळाकुट्ट अंधार झाला होता. निखिल पहिल्या पायरीवर थांबला. "सर, मला नाही जमणार. अंधारात माझे पाय कुठे आहेत तेच मला कळत नाही. डोळ्यांनी बघूनच टाकावे लागतात." मी खिशातला फोन काढून टॉर्च लावणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"तो ठेव आत. उजेड नाचवशील आणि दोघांना पाडशील. बाजूला हो." अक्का पुढे आल्या, त्यांनी चाचपून निखिलचा हात धरला. "या जिन्यावरून मी चाळीस वर्षं उतरायले. माझ्या खांद्यावर भार टाक. हं, पायरी. हं, आणखी एक. आता वळण, भिंतीकडे राहा. इथली पायरी फुटकी आहे, डावा पाय लांब टाक." त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांचा आवाज एका लयीत खाली खाली जात होता आणि त्यामागे त्याच्या चपलांचा. दोन्ही डोळे आणि दोन्ही पाय शाबूत असलेला मी भिंत धरून धरून मागून उतरत होतो.

खाली दारात सायली गाडीपाशी उभी होती. अक्कांना ती प्रथमच पाहत होती, पण ओळखलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम उतरला.

"सायली ती तूच काय?" निखिलने तिला हाक मारली त्या रोखाने वळून अक्कांनी विचारलं. "आंधळ्या बाईच्या भरवशावर नवरा ठेवणार नाही म्हणालेली?"

सायलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मॅम, मी त्या दिवशी..."

"बरोबर विचारलंस की! डॉक्टरांना कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही माजतो. यापुढेही विचारत जा." मग त्यांनी निखिलचा हात तिच्यापुढे केला. "घे गं बाई तुझा नवरा. सगळा आहे काय बघून घे."

सायलीने नवऱ्याचा हात घेतलाच नाही. तिने अक्कांना मिठी मारली, चांगली घट्ट, आणि रस्त्यावरची माणसं बघत असताना त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. अक्कांचे दोन्ही हात तसेच हवेत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग एक हात सावकाश सायलीच्या पाठीवर आला आणि फिरत राहिला.

पुढच्या शनिवारच्या आधीच अक्का झोपेत गेल्या. त्यांना बोलायला काही सुचत नाही असं मी त्या दारातच पहिल्यांदा पाहिलं, आणि तेच शेवटचं.